येशूचा शिष्य शस्त्र उचलू शकतो का? युद्ध, अहिंसा आणि ख्रिस्ती श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गात मुलं हे प्रश्न विचारतात आणि ऑफिसातले मित्रही विचारतात. मित्रांचा सूर तेवढा वेगळा असतो: "तुमचा येशू गाल पुढे करा म्हणतो, मग इतक्या लढाया केल्या कोणी?" टोमणा अगदीच बिनबुडाचा नाही, म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. लिहिणारा वसईचा कॅथलिक आहे. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच.

ख्रिस्ती धर्म युद्धाला परवानगी देतो की नाही? हो की नाही, तेवढंच सांगा.

तेवढ्यात सांगता येत नाही. ढोबळमानाने तीन मतं आहेत. पहिलं, ख्रिस्ती माणसाने कोणत्याही कारणासाठी माणूस मारू नये. दुसरं, युद्ध वाईटच, पण काही कडक अटी पाळून ते करावं लागू शकतं. यालाच 'न्याय्य युद्धा'चा विचार म्हणतात. तिसरं, देवासाठी केलेलं युद्ध पवित्र असतं. पहिली दोन मतं आजही एकमेकांशी वाद घालत जिवंत आहेत. तिसरं कुठलंही मोठं चर्च उघडपणे शिकवत नाही, पण झेंडे फडकू लागले की ते मागच्या दाराने आत येतं. माझ्या मते खरी सीमारेषा पहिल्या आणि दुसऱ्या मतामध्ये नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये आहे.

'दुसरा गाल पुढे कर' म्हणजे मार खात राहा, असंच ना?

मत्तयच्या पाचव्या अध्यायात उजव्या गालाचा उल्लेख आहे आणि बरेच अभ्यासक त्या 'उजव्या' शब्दाकडे बोट दाखवतात. समोरचा माणूस उजव्या हाताने तुमच्या उजव्या गालावर मारतो, तेव्हा तो हाताच्या पाठीने मारत असतो. असा फटका मालक गुलामाला मारायचा. त्यात इजा कमी, अपमान जास्त. अशा वेळी दुसरा गाल पुढे करणं म्हणजे 'मारायचंच असेल तर बरोबरीच्या माणसासारखं मार' असं म्हणणं. पुढेच रोमी सैनिकाने वेठीला धरून एक कोस ओझं वाहायला लावलं तर दोन कोस जा, असं येतं. वेठबिगारीचा अर्थ आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पहिला कोस सक्तीचा, दुसरा आपल्या मर्जीचा.

हा अर्थ मला पटतो. पण त्याचा आधार घेऊन अवघड भाग टाळताही येत नाही. त्याच अध्यायात 'तुमच्या वैऱ्यांवर प्रीती करा' आहेच, आणि तिथे हात उजवा की डावा याचा काही प्रश्न नाही.

पण येशूने मंदिरात चाबूक उचलला होता. शिष्यांना तलवार विकत घ्यायलाही सांगितली होती.

दोन्ही खरं. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात दोऱ्यांचा कोरडा आहे. त्याने येशूने व्यापाऱ्यांना गुरंमेंढरांसकट मंदिराबाहेर काढलं. माणसाला फटका बसल्याचा उल्लेख मात्र नाही. लूकच्या बाविसाव्या अध्यायात, अटकेच्या रात्री, 'तलवार नसेल तर अंगरखा विकून घ्या' असं वाक्य आहे. शिष्य म्हणतात, दोन आहेत. तो म्हणतो, पुरे. बारा जणांत दोन तलवारी कुठल्या लढाईला पुरणार? आणि त्याच रात्री पेत्राने त्यातली एक चालवून सेवकाचा कान छाटला, तेव्हा येशूने ती म्यानात घालायला लावली आणि तो कान बरा केला.

दुसऱ्या बाजूनेही मुद्दे आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई 'आम्ही काय करावं?' असं विचारायला आले, तेव्हा तो 'नोकरी सोडा' म्हणाला नाही. कुणावर जुलूम करू नका, पगारात समाधान माना, एवढंच म्हणाला. कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीच्या विश्वासाची येशूने तोंड भरून स्तुती केली. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सत्ताधारी 'व्यर्थ तलवार धारण करत नाही' असं पौल लिहितो. न्याय्य युद्धवाल्यांची बरीचशी भिंत याच वाक्यावर उभी आहे.

जुन्या करारात तर देवच नगरं उद्ध्वस्त करायला सांगतो.

यहोशवाच्या पुस्तकातले ते अध्याय मला आजही सहज वाचवत नाहीत. तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने त्यांचा अर्थ आध्यात्मिक लावला: ती लढाई आपल्या आतल्या पापांशी आहे. इतर म्हणतात, देवाची ओळख इतिहासात हळूहळू स्पष्ट होत गेली आणि ख्रिस्तात ती पूर्ण झाली, म्हणून जुनं वाचायचं ते नव्याच्या उजेडात. मला दुसरं उत्तर बरं वाटतं, पुरेसं वाटत नाही. मात्र ते अध्याय आजच्या कुठल्याही देशाने स्वतःला लावून घेऊ नयेत, याबद्दल शंका नाही.

पहिली तीन शतकं ख्रिस्ती लोक सैन्यात जात नव्हते, हे खरं का?

लिहिणारे बहुतेक 'जाऊ नये' म्हणत होते, आणि तरी काही जण जात होते. तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. २०० च्या सुमारास लिहिलं की पेत्राची तलवार काढून घेताना प्रभूने प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सोडवला. पण छावण्यांतही ख्रिस्ती आहेत, असं त्याच तर्तुल्यनने थोडं आधी अभिमानाने लिहून ठेवलं होतं!

या काळातला मला सर्वांत जवळचा वाटतो तो मॅक्सिमिलियन. आजच्या अल्जीरियातल्या तेबेस्सात, १२ मार्च २९५ रोजी, एकवीस वर्षांच्या या पोराला भरतीसाठी उंची मोजायला उभं केलं. तो म्हणाला, मी सैनिक होऊ शकत नाही, मी ख्रिस्ती आहे. प्रांताधिकारी दिओनने त्याला समजावलं की खुद्द सम्राटांच्या पहाऱ्यावर ख्रिस्ती सैनिक आहेत. उत्तर आलं: त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, मी ख्रिस्ती आहे, मला वाईट करता येत नाही. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला. या उत्तरात त्याने दुसऱ्यांचा न्याय केला नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

मग हे बदललं कधी?

३१२ साली कॉन्स्टंटाइनने रोमजवळच्या मिल्वियन पुलावरची लढाई ख्रिस्ताच्या चिन्हाखाली जिंकली. पुढच्या वर्षी धर्माला मोकळीक मिळाली, ३८० पर्यंत तो साम्राज्याचा धर्म झाला आणि ४१६ मध्ये तर बिगरख्रिस्त्यांनाच सैन्याची दारं बंद झाली. शंभर वर्षांत बाजू पार उलटली.

शांतिवादी याला सरळ 'पतन' म्हणतात. मला ते जरा सोपं वाटतं. दुसऱ्याचं राज्य असताना तलवारीला हात न लावणं एक, आणि सीमेवर टोळ्या येऊन ठेपल्यावर गावाची जबाबदारी अंगावर असणं दुसरं. शिवाय त्या काळात चर्च अगदीच गप्प नव्हतं. ३९० साली थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने नागरिकांची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला प्रायश्चित्त घेईपर्यंत ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नाकारला. सम्राटाला राजवस्त्रं उतरवून पश्चात्ताप करावा लागला.

'न्याय्य युद्ध' म्हणजे नेमकं काय?

अँब्रोजचा शिष्य ऑगस्टीन (३५४–४३०) याने पाया घातला, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तीन अटी नेमकेपणाने मांडल्या: युद्ध अधिकृत सत्तेनेच पुकारावं, कारण न्याय्य असावं आणि हेतू शुद्ध असावा. पुढच्या काळात भर पडत गेली: बाकीचे सगळे उपाय थकलेले असावेत, यशाची वाजवी शक्यता असावी, होणारं नुकसान टाळलेल्या अन्यायापेक्षा मोठं नसावं आणि निःशस्त्रांवर हात उचलू नये.

लोकांना वाटतं ही युद्धाची परवाना-पद्धत आहे. प्रामाणिकपणे लावली तर ती बहुतेक युद्धांना नाहीच म्हणते. १५३९ मध्ये सालामांकाच्या विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या धर्मपंडिताने याच कसोट्या आपल्याच स्पेनच्या अमेरिकेतल्या विजयांना लावल्या आणि बजावलं, की ते लोक ख्रिस्ती नाहीत हे युद्धाचं कारण होऊ शकत नाही. सम्राटाला ते आवडलं नाही. अडचण एवढीच, की अटी तपासणारा बहुतेक वेळा लढणाऱ्यांपैकीच एक असतो. आपल्याच खटल्यात आपणच न्यायाधीश.

क्रूसेड या अटींत बसतात का?

नाही. त्याआधी एक शब्दाचा घोळ. जेरुसलेम मुसलमानांकडून घेण्यासाठी युरोपातून निघालेल्या मोहिमा म्हणजे क्रूसेड. मराठीत आपण क्रूसेडला 'धर्मयुद्ध' म्हणतो. आपल्याला महाभारतातून ठाऊक असलेलं धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी लढलेलं युद्ध: सूर्यास्तानंतर शस्त्र नाही, निःशस्त्रावर वार नाही. क्रूसेड बरोबर याच्या उलट होती. १०९५ मध्ये पोप दुसऱ्या अर्बनने क्लेरमाँला हाक दिली आणि जाणाऱ्यांना पापांच्या प्रायश्चित्तातून सूट जाहीर केली. म्हणजे ज्या कृत्याबद्दल पूर्वी प्रायश्चित्त घ्यावं लागे, तेच आता प्रायश्चित्त झालं. १०९९ मध्ये जेरुसलेममध्ये मुसलमान आणि ज्यूंची कत्तल झाली. १२०४ मध्ये तर क्रूसेडच्या फौजांनी ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटलं.

१२१९ साली, पाचवं क्रूसेड चालू असताना, असिसीचा फ्रान्सिस निःशस्त्र चालत इजिप्तच्या सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेला. सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला सुखरूप परत पाठवलं. युद्ध थांबलं नाही. २००० सालच्या मार्चमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाखाली वापरलेल्या हिंसेबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली.

युद्ध न्याय्य असेल, तर सैनिकाला पाप लागत नाही ना?

सगळ्यांत कमी विचारला जाणारा आणि मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा. आज बहुतेक जण 'नाही लागत' म्हणून मोकळे होतील. पूर्वीचं चर्च इतकं मोकळं होत नव्हतं.

चौथ्या शतकात कप्पदुकियाचा बिशप बेसिल याने एका पत्रात लिहिलं, की युद्धातल्या मारण्याला आपले पूर्वज खून मानत नव्हते. तरीही ज्यांचे हात स्वच्छ नाहीत त्यांनी तीन वर्षं ख्रिस्तप्रसादापासून दूर राहावं, असा सल्ला द्यावा. म्हणजे खून नव्हे, पण हात स्वच्छही नाहीत. कायद्याच्या माणसाला हे विसंगत वाटेल. युद्धावरून परतलेल्या माणसासोबत एका घरात राहिलेल्यांना वाटणार नाही.

दुसरं उदाहरण १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचं. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, तेही पोपच्या पाठिंब्याने. काही वर्षांतच नॉर्मन बिशपांनी आपल्याच विजयी सैन्यासाठी प्रायश्चित्ताची यादी काढली. मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. किती मारले ते आठवत नसेल, तर आठवड्यातून एक दिवस, आयुष्यभर. तिरंदाजांना आपला बाण कुणाला लागला हे कळत नाही, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा. जिंकलेल्या फौजेला कुणी आज अशी यादी देईल का?

तिसरं उदाहरण दहाव्या शतकातलं. बायझंटाइन (पूर्व रोमी) सम्राट निकेफोरोस फोकास याने मागणी केली, की मुसलमानांशी लढताना पडलेल्या सैनिकांना चर्चने हुतात्मा संत मानावं. तिथल्या चर्चचे प्रमुख, पाट्रियार्क पॉलियुक्तोस यांनी नकार दिला आणि बेसिलचं तेच पत्र पुढे केलं: ज्यांना तीन वर्षं ख्रिस्तप्रसादही नाही, त्यांना संत कसं म्हणायचं? तुर्की दबाव वाढत गेला तशी ही लाज मागे पडली. पश्चिमेत तर तिची जागा क्रूसेडने घेतली. आपण गमावलं ते हेच, असं मला वाटतं: लढून आलेल्या माणसाला हारही घालू नये आणि खुनीही म्हणू नये, त्याला दुःख करायला जागा द्यावी.

'शांतता मंडळ्या' कोणत्या? भारतात आहेत का?

युद्धात भाग न घेणं हाच श्रद्धेचा भाग मानणारी चर्चं. तीन मुख्य: मेनोनाइट (ज्यांची मुळं सोळाव्या शतकातल्या अनाबाप्तिस्त चळवळीत आहेत), क्वेकर आणि चर्च ऑफ द ब्रदरन. १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात अनाबाप्तिस्तांनी तलवार 'ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची' ठरवली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोघांनीही त्यांना जाळलं, बुडवलं. १५६९ मध्ये नेदरलँड्समधल्या आस्पेरेनजवळ डिर्क विलेम्स तुरुंगातून पळत होता. पाठलाग करणारा शिपाई पातळ बर्फातून पाण्यात पडला. डिर्क मागे फिरला, त्याला ओढून काढलं, आणि पकडला गेला. त्याला जाळण्यात आलं.

भारतात तिन्ही पोचल्या. मेनोनाइट १८९९ मध्ये दुष्काळात मदत घेऊन धमतरीला आले, क्वेकर होशंगाबाद–इटारसी भागात, आणि ब्रदरन मिशन वलसाडपासून आमच्या शेजारच्या डहाणूपर्यंत. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा ब्रदरन त्यात सामील झाले. या चर्चच्या (सी.एन.आय.च्या) बऱ्याच सभासदांना आपल्या वंशावळीत एक शांतता मंडळी आहे, याची कल्पनाही नसते.

लढायला नकार दिला तर काय होतं?

काळ आणि देश बघून. ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीची भरती आणली, तेव्हा कायद्यात विवेकबुद्धीची तरतूद होती. तरी त्या वर्षी ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला आणि मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. दुसऱ्या महायुद्धात डेस्मंड डॉस या अ‍ॅडव्हेंटिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) शिपायाने बंदूक न घेता वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलं आणि ओकिनावाच्या कड्यावरून डझनावारी जखमींना दोराने खाली उतरवलं. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळालं.

फ्रान्झ येगरश्टेटरला पदक मिळालं नाही. ऑस्ट्रियातला हा शेतकरी, चर्चची साफसफाई आणि घंटा सांभाळणारा, तीन मुलींचा बाप. हिटलरसाठी लढणं पाप आहे असं त्याने ठरवलं. गावच्या फादरांनी, अगदी बिशपनेही, 'घरादाराचा विचार कर' असं सुचवलं. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. युद्धानंतर कित्येक वर्षं गावात त्याच्याबद्दल कुजबूज होती, की बायकोपोरांना वाऱ्यावर सोडलं. २००७ मध्ये लिंझच्या कॅथेड्रलमध्ये त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा त्याची चौऱ्याण्णव वर्षांची पत्नी तिथे हजर होती. एक बारकावा: तो शांतिवादी नव्हता. हे युद्ध अन्याय्य आहे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. न्याय्य युद्धाच्या अटी गंभीरपणे घेणारा तो एक साधा माणूस होता, आणि त्याचे धर्मगुरू त्या घेत नव्हते.

पण हिटलरसमोर अहिंसा? नाठाळाच्या माथी काठी नको का?

डिट्रिख बॉनहॉफर हा जर्मन पाळक शांतिवादाच्या अगदी जवळ होता. गांधीजींना भेटायला भारतात यायचं त्याने ठरवलं होतं, गांधीजींनी आमंत्रणही धाडलं होतं. पुढे तोच हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. आपण केलं ते निर्दोष होतं असं त्याने कधी म्हटलं नाही. दोष पत्करूनच जबाबदारी घ्यावी लागते, हा त्याचा विचार होता. (बेसिलला हे कळलं असतं.)

दुसरीकडे फ्रान्समधलं ल शाँबों हे डोंगराळ गाव. पाळक आंद्रे त्रोक्मे पक्का शांतिवादी. गावाने आणि आसपासच्या वाड्यांनी हजारो ज्यूंना लपवलं, त्यांत मुलं पुष्कळ. तिथे काठी लागली नाही. पण छावण्यांची दारं उघडली ती रणगाड्यांनी, हेही तितकंच खरं. या प्रश्नावर माझा कल दुसऱ्या, न्याय्य युद्धाच्या मताकडे झुकतो, आणि झुकताना त्रास होतो.

घरात चोर शिरला तर?

अडवा, पोलिसांना बोलवा. अक्वायनसच्या मते जीव वाचवताना गरजेपुरतं बळ वापरणं गैर नाही. उद्देश वाचण्याचा हवा, मारण्याचा नव्हे. ऑगस्टीन त्याहून कडक: स्वतःसाठी मारणं त्याला मान्य नव्हतं, दुसऱ्याच्या रक्षणासाठी मात्र होतं. आपण बहुधा याच्या उलट विचार करतो.

अणुबॉम्बबद्दल चर्च काय म्हणतं?

९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवरचा बॉम्ब उराकामी कॅथेड्रलपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर फुटला. अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपलेला जपानमधला सर्वांत मोठा कॅथलिक समाज तिथे राहायचा. १२,००० पैकी सुमारे ८,५०० जण गेले. बॉम्ब टाकणाऱ्या तुकडीचे कॅथलिक पाद्री जॉर्ज झबेल्का पुढे शांतिवादी झाले आणि तेव्हा आपण गप्प राहिलो याची त्यांनी जाहीर कबुली दिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अख्खी शहरं सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धकृत्याला देवाविरुद्धचा आणि माणसाविरुद्धचा गुन्हा म्हटलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये हिरोशिमात आणखी एक पाऊल पुढे टाकलं: अण्वस्त्रं वापरणंच नव्हे, बाळगणंही अनैतिक. भारतीय कॅथलिकांना हे वाक्य गैरसोयीचं आहे. त्यावर प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही.

आज चर्चची अधिकृत भूमिका काय?

एकच नाही. जागतिक चर्च परिषदेने १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जाहीर केलं, की वाद सोडवण्याचा मार्ग म्हणून युद्ध ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत आहे. कॅथलिक शिकवण संरक्षणाचा हक्क अजून मानते, पण पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या परिपत्रकात लिहिलं, की जुन्या निकषांवर आज 'न्याय्य युद्ध' म्हणणं फार कठीण झालं आहे. आणि तिसरं, पवित्र युद्धाचं मत मेलं नाही, याचा पुरावा सप्टेंबर २०२२ मधला: रशियाचे पाट्रियार्क किरिल म्हणाले, की लष्करी कर्तव्य बजावताना मरणाऱ्याची पापं धुतली जातात. पॉलियुक्तोसने जे सम्राटाला नाकारलं, ते किरिल यांनी न झगडता देऊन टाकलं. त्याच वर्षी, युक्रेनवरचं युद्ध सुरू होताच, रशियातल्या सुमारे ३०० धर्मगुरूंनी ते थांबवा म्हणून सह्या केल्या होत्या, हेही सांगायला हवं.

भारतीय ख्रिस्ती सैन्यात जातात का?

जातात, आणि कुठलंच मोठं चर्च अडवत नाही. १९७१ च्या युद्धात गंगासागरला मरणोत्तर परमवीर चक्र मिळवणारे अल्बर्ट एक्का झारखंडचे आदिवासी ख्रिस्ती. सैन्यात पंडित, मौलवी, ग्रंथी यांच्यासोबत पाद्रीही भरती होतात. आपल्याकडे सक्तीची भरती नाही, त्यामुळे नकाराचा प्रश्न न्यायालयात आलेला नाही. विवेकबुद्धीचा सर्वांत जवळचा खटला १९८६ चा: केरळातल्या यहोवाज विटनेसेस या पंथाच्या कुटुंबातली तीन मुलं राष्ट्रगीताला उभी राहत, पण म्हणत नसत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं.

चर्चमध्ये लढायांच्या पाट्या का असतात?

कारण चर्च बांधणारे बऱ्याचदा जिंकणारेच होते. कुलाब्याचं अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ उभं आहे. भिंतीवर नावं आहेत, ती एका बाजूची. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल संत कॅथरीनच्या नावाने आहे, कारण १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतलं ते तिच्या सणाच्या दिवशी.

मग वसईच्या घंटा परत मागाव्यात का?

मुलं हे हमखास विचारतात. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या आजही टांगलेल्या आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मनीने स्वतःच्याच चर्चच्या घंटा युद्धसामग्रीसाठी वितळवल्या, त्या मानाने आमच्या नशीबवान. मागू नयेत, असं मी सांगतो. गोदावरीला पूर चढला की नाशिककर नारोशंकराच्या घंटेकडे बघतात, पाणी तिथपर्यंत आलं का म्हणून.